गाडीचे जोडे

जोडे घ्यायला गेलेला मनुष्य पायाकडे पाहतो. टाच चावते का, चवडा आवळतो का, एवढे तपासून तो पैसे मोजतो. मोटारीला जोडे घेताना मात्र चांगली शहाणीसुरती माणसेही दहा पावले मागे सरतात, मान तिरकी करतात आणि "दिसते कशी?" असे विचारतात. गेल्या उन्हाळ्यात मी श्रीवर्धनला आठ दिवस होतो. त्या आठ दिवसांत आमच्या ओटीवर दुसरा विषय निघाला नाही.

आमचे मूळ घर श्रीवर्धनचे. बाळाजी विश्वनाथ पेशवेही याच गावचे. ते घाटावर गेले आणि पेशवे झाले, मी दादरला गेलो आणि शाळेत गणिताचा मास्तर झालो. थोरले बंधू मात्र वाडी सोडून हलले नाहीत. आता ते नाहीत. वहिनी आहेत आणि पुतण्या आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, त्या एका दुपारी आमच्या अर्ध्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव सगळे घेतात, पण पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात हे वाडीवाल्यालाच ठाऊक. तेव्हा लावलेली रोपे आता कुठे धरायच्या बेताला आली आहेत. मधल्या काळात पुतण्याने मागच्या पडवीच्या दोन खोल्या करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आणि दोन पैसे साठवून एक जुना पिकअप घेतला. चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर. वाडीचे नारळ न्यायचे, पाहुण्यांचे सामान आणायचे आणि महिन्यातून एकदा वहिनींना माणगावला डॉक्टरांकडे न्यायचे, अशी तीन कामे त्या गाडीने करायची होती.

गाडी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांची. त्यांनी ती दोन इंच उचलून घेतली होती. उचलून म्हणजे जॅकवर नव्हे. मागच्या आसाच्या आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंची लोखंडी ठोकळे आणि पुढच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर जाड चकत्या बसवून गाडीचे धड चाकांपासून वर नेले होते. विकताना त्यांनी आपले मोठे टायर काढून घेतले आणि मूळचे, झिजलेले, परत चढवून दिले. त्यामुळे गाडी अशी दिसे, की एखाद्या पहिलवानाने धाकट्या भावाच्या चपला घातल्या आहेत. पुतण्याला ते बघवत नव्हते. टायर तर बदलायचेच होते. प्रश्न एवढाच, की कोणत्या मापाचे?

"काका, तुम्ही गणित मांडून द्या," तो म्हणाला. "बाकी माझं मी बघतो."

गणित मांडायचे तर आधी पाटी वाचायला हवी. टायरच्या अंगावर 245/70 आर 16 असे उठावाचे आकडे होते. तुमच्या दाराशी गाडी असेल तर जाऊन पाहा, असेच काहीतरी तिच्यावरही असेल. पहिला आकडा रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बगलेच्या उंचीचा, पण ती रुंदीच्या शेकड्यात सांगायची. म्हणजे 245 चे 70 टक्के, साडेएकशेएकाहत्तर मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आत धागे आडवे घातलेला टायर. फ्रान्सच्या मिशेलँ कंपनीने 1946 साली त्याचे पेटंट घेतले. आणि शेवटचा 16 हा डिशेचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे शेजारी बसवणारा मनुष्य परीक्षेला मुलांचे पेपर काढत असला पाहिजे. हवेचा टायर चालता केला तो 1888 साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने, आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी. त्या बापड्याला ही भानगड ठाऊक नव्हती.

सोळा इंच म्हणजे 406.4 मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची बगल मिळवली की आमचे चाक 749 मिलिमीटर उंच झाले, साडेएकोणतीस इंच. पुतण्याच्या मनात होते 285/75 आर 16. ते भरते 834 मिलिमीटर, जवळजवळ तेहतीस इंच. त्याच्या मोबाईलवर ऑस्ट्रेलियातले, थायलंडमधले जे पिकअप दिवसरात्र चिखल तुडवत होते, त्यांना म्हणे तेहतीसच असतात. मधला एक पर्याय होता 265/75 चा, 804 मिलिमीटरचा.

"म्हणजे गाडी साडेतीन इंच वर जाणार!" तो खुशीने म्हणाला.

चाक साडेतीन इंच उंच झाले तर गाडी निम्मीच वर जाते. आस चाकाच्या मध्यावर असतो, आणि वाढलेल्या उंचीचा अर्धा भाग आसाच्या वर राहतो. 85 चे अर्धे 42 मिलिमीटर, पावणेदोन इंचांनाही थोडे कमी. हे मी पाटीवर काढून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा पडला. पण त्याच गणितात एक गोष्ट त्याच्या बाजूची होती, तीही सांगितली. पुण्याच्या गृहस्थांनी ठोकळे घालून धड उचलले, पण मागचा आस आणि त्याच्या मध्यावरचा तो दातेरी चक्रांचा गोळा, मेकॅनिक ज्याला हाउसिंग म्हणतात, तो जिथल्या तिथेच राहिला. रस्त्यातला दगड आधी त्या गोळ्याला लागतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर, ठोकळे नव्हेत. ठोकळ्यांनी काय होते? मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते आणि गाडीचे पोट वर जाते. लोक ही दोन कामे एक समजतात आणि नको तिथे पैसे घालतात.

आपल्या बैलगाड्यांचे चाक का मोठे असे? मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सावकाश चढते. मी लहान असताना आमच्याकडे लोहार धाव चढवायला येई. लोखंडी कडे लाल होईतो तापवायचे, लाकडी चाकावर ठोकून बसवायचे आणि वरून घागरी ओतायच्या. आखडले की सांधे करकचून आवळले. धावेचे माप सुताभराने चुकले तर चाक वर्षभरात खिळखिळे व्हायचे, म्हणून तो लोहार दोरीने तीन-तीनदा मापे घेई. धाव किती रुंद असावी यावर मात्र आमच्याकडे दुमत नव्हते. अरुंद. पावसात वरचा चिखल फाडून खालच्या कातळाला टेकायचे तर अरुंद चाकच बरे.

पुतण्याला रुंद टायर हवा होता, तो समुद्रासाठी. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना संध्याकाळी पुळणीवरून फिरवून आणले तर खोल्यांना मागणी वाढेल, असा त्याचा हिशेब. रुंद टायर वाळूत रुतत नाही, हे त्याला सगळ्यांनी सांगितलेले.

मी त्याला विचारले, गाडीचे वजन जमिनीवर कोण पेलते? रबर नव्हे, आतली हवा. दोन हजार किलोंची गाडी, म्हणजे एका चाकावर पाचशे किलो, सुमारे अकराशे पौंड. चौरस इंचाला बत्तीस पौंड हवा भरली असेल तर टायरचा पंजा साधारण चौतीस चौरस इंच जमिनीला टेकणार. टायर रुंद घेतला तरी हवा तीच असेल तर पंजाचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. फक्त तो आखूड आणि पसरट होतो. आणि हवाच अठरा पौंडांवर आणली तर? एकसष्ट चौरस इंच. एक पैसा खर्च न करता पंजा पावणेदोन पट झाला, तोही लांबट, वाळूवर चालायला तसाच लागतो. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायला मात्र विसरायचे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला 6.00-16 चे टायर असत, रुंदी सहा इंच. ती वाळवंटात गेली, चिखलात गेली आणि बर्फातही गेली.

हे सांगून झाल्यावर मी म्हटले, की हवा कमी कर किंवा टायर मोठे कर, पुळणीवर गाडी नेऊ नकोस. भरतीच्या वेळी रुतलेली पाहुण्यांची मोटार बाहेर काढायला सारे गाव लागते, हा देखावा त्याने स्वतः पाहिलेला. शिवाय आपल्या तालुक्याच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. चाकांची खोल चाकोरी पडली की टीचभर पिल्लू तिच्यात अडकते, समुद्राकडे जाण्याऐवजी त्या चाकोरीतूनच चालत राहते, आणि उजाडले की कावळे असतातच. यावर तो काही बोलला नाही, पण समुद्राचा विषय पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही माणगावच्या एका टायरवाल्याकडे गेलो. माणूस गोड होता. विकणारा गोड असला की मी खिसा चाचपतो. त्याने 285 चे टायर दाखवले आणि त्यांवर काळ्या मॅगव्हील डिशा. "ऑफसेट झिरो आहे साहेब, गाडी एकदम पसरून उभी राहील." ऑफसेट म्हणजे डिश जिथे आसाच्या तबकडीला टेकते ती जागा आणि डिशेचा मध्य यांतले अंतर. आमच्या मूळ डिशेचे ते अधिक 30 मिलिमीटर होते. शून्य म्हणजे प्रत्येक चाक 30 मिलिमीटर बाहेर. टायरची रुंदी 40 ने वाढली, तिची अर्धी बाहेरच्या अंगाला, 20. एका बाजूला 50, दोन्ही बाजूंना मिळून 100 मिलिमीटर. चार इंच! आमच्या वाडीकडे जाणारी वाट दोन चिरेबंदी गडग्यांमधून जाते, आणि तिच्या वळणावर आताच दोन्हीकडे चार-चार बोटे उरतात. ती वाट पुण्याच्या गृहस्थांनी पाहिलेली नव्हती आणि टायरवाल्यानेही नव्हती. जांभ्याचा चिरा टायरच्या बगलेला लागला तर बगल फाटते, आणि बगलेला ठिगळ चालत नाही, टायर फेकूनच द्यावा लागतो.

चाक बाहेर काढले की आणखी काय होते, तर बेअरिंगवरची ओढ वाढते, सुकाणू जड होते, आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासतो. दोन इंच उचललेल्या गाडीतही घासतो. कारण सरळ उभ्या गाडीत जागा मोजून उपयोग नसतो. चाक पुरते वळवलेले आणि खड्ड्यात स्प्रिंग दाबलेली, या दोन्ही गोष्टी एकदम होतात तेव्हा किती बोटे उरतात ते पाहायचे.

डिशा घ्यायच्याच असत्या तर भोकांचे वर्तुळही पाहावे लागते. आमच्या गाडीला सहा भोके, 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर. असला दशांशाचा आकडा पाहून मला राहवेना. साडेपाच इंच! अमेरिकेची जुनी जीप पाच भोकांची होती, पण वर्तुळ हेच. जग मिलिमीटरवर आले तरी भोके इंचांतच राहिली. आणि त्या टायरवाल्याने वीस इंची डिशेचाही आग्रह धरला, त्याबद्दल थोडे. चाकाची उंची तीच ठेवून डिश मोठी केली की रबराची बगल आखूड होते. शहराच्या गुळगुळीत रस्त्यावर ठीक आहे. म्हसळ्याच्या पुढच्या खड्ड्यांत मधे रबरच नसेल तर मार थेट डिशेला बसतो. मी आठवडाभर पाहिलेल्या गोष्टींत ही सर्वांत निरर्थक.

परतताना घोणसे घाटात पुतण्या गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून तोंडी हिशेब करत होतो. चाक अकरा टक्क्यांनी मोठे म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अकरा टक्के जास्त अंतर कापणार. कानाला गोड, पण चढावर तोच जोर लांबच्या काठीने लावावा लागतो. दहाएक टक्के ताकद गेली. दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी पहिला मागणार. स्पीडोमीटरला कोणी हे कळवत नाही, तो बिचारा जुनेच गणित धरून 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 च्या पुढे असते. आणि उताराला? जड टायर फिरत असतो तो थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट. नारळ भरलेला हौदा मागून ढकलतो आहे, समोर वळणावर एस.टी. येते आहे, आणि ब्रेक मात्र कंपनीने साडेएकोणतीस इंची चाकासाठी दिलेले. मी एवढेच म्हटले, "हा घाट तू महिन्यातून किती वेळा उतरतोस?" तो म्हणाला, "आठ-दहा वेळा." मग म्हसळा येईपर्यंत दोघेही गप्प.

कायद्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तरुण माणसाला कायदा आधी सांगितला की तो पुढचे ऐकत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने गाडीच्या मूळ, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करायला मनाई आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. तेव्हा ते ठोकळेही बदलच, आणि तेहतीस इंची चाकेही. उद्या घाटात काही झाले आणि विमा कंपनीने बोट ठेवले, तर वादळातून उरलेली वाडी त्या बोटाखाली जायची. पुतण्या म्हणाला, "सगळेच करतात, काका." ते खरे आहे. सगळे करतात ते वाडी गहाण नसलेले, हे मी मनात म्हटले.

या सगळ्यात वहिनींनी आतापर्यंत एक अक्षर काढले नव्हते. त्यांचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. सहाव्या दिवशी सकाळी त्या अडकित्ता बाजूला ठेवून ओटीवरून खाली उतरल्या, आणि सुपारीच्या पोत्याची सुतळी घेऊन गाडीपाशी गेल्या. एक टोक जमिनीला लावले, दुसरे दाराखालच्या पायाच्या पट्टीला. तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी त्यांनी ओटीच्या पायऱ्यांना लावून पाहिली.

"भाऊजी, ही अडीच पायऱ्यांच्या वर जाते हो," त्या म्हणाल्या. "दोन पायऱ्या एकदम मी लग्नाआधी चढत होते. नवीन चाकं लावली की अजून किती?"

"पावणेदोन इंच," मी म्हटले.

"मग मला हौद्यातच घाला नारळांबरोबर. फळी लावून चढेन."

पुतण्या हसला नाही. "आई, मी पायरी बसवून देतो," एवढे म्हणाला आणि वाडीत निघून गेला. दर महिन्याला तो आईला दोन्ही हातांनी उचलून आत बसवतो, हे शेजारणीने मला नंतर सांगितले. वहिनी कधी बोलल्या नव्हत्या आणि तोही नाही. माणगावच्या मधल्या थांब्यावर चहाला त्या उतरत नाहीत, कारण पुन्हा चढावे लागते. हे माझ्या कोणत्याही आकडेमोडीत आलेले नव्हते. येण्यासारखे ते नव्हतेच.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा माझी पाटी घेऊन बसला. त्याने स्वतः एक हिशेब मांडला, तो मला आवडला. मोठी चाके घ्यायची तर चार घेऊन भागत नाही, पाच लागतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या उंचीचे चालत नाही, आतली चक्रे एकमेकांशी भांडू लागतात. तेव्हा स्टेपनीही तेहतीसची हवी, आणि आमच्या गाडीत स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते, तिथे तेहतीस मावत नाही. म्हणजे ती हौद्यात ठेवायची, म्हणजे नारळांची जागा गेली. पाच टायर, पाच डिशा, लाखाच्या पुढे. त्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे गेली. मागचे ठोकळे निघाले, पुढच्या चकत्या निघाल्या, अलाइनमेंट झाली. टायर आले ते मूळच्याच मापाचे, 245/70 आर 16, पण खोल नक्षीचे, डांबरावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारे. ते निवडताना मात्र त्याने दुकानदाराला सळो की पळो केले. मापापुढचा भाराचा आकडा 111 आहे ना, म्हणजे एका टायरला 1090 किलो, ते पाहिले. बगलेवरचे चार अंकी शिक्के वाचले. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन वर्षे जुना निघाला, तो बदलून घेतला. पाचवा, स्टेपनीचा, त्याच मापाचा आणि त्याच नक्षीचा घेतला. उरलेल्या पैशांत दाराखाली रुंद पायरी बसवली, हवा भरायचा छोटा पंप घेतला, आणि पाट्यांची झिजलेली बुशे बदलली. गाडी तीच, पण खड्ड्यातून जाताना तिचा जो खडखडाट होई तो निम्मा गेला. आधी बुशेच बदलायला हवी होती, असे मेकॅनिक म्हणाला. मेकॅनिक नेहमी असेच म्हणतात.

दिसते कशी, असे मीच विचारले. पुतण्या दहा पावले मागे सरला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "जरा बुटकी वाटते." मग वहिनी पायरीवर पाय ठेवून, दाराची कडी धरून, आपल्या आपण आत जाऊन बसल्या, आणि आतून म्हणाल्या, "चला, म्हसळ्याला जाऊन चहा पिऊन येऊ." मुलाने इंजिन सुरू केले.

ते लोखंडी ठोकळे आमच्याकडेच आहेत. अंगणात सुपारी वाळत घातली की वरच्या जाळीची चार टोके वाऱ्याने उडतात. त्यांपैकी दोन टोकांवर आता ते ठोकळे असतात. बाकीच्या दोन टोकांवर, पूर्वीसारखेच, जांभ्याचे दगड.